श्रीयुत चोविसावा तास यांस

लेस्टर, 27 ऑक्टोबर 2013



आज पहाटे घड्याळं मागे सरकली आणि साऱ्या ब्रिटनला एक तास फुकट मिळाला. मला वाटलं, आपणच परत आलात! पण तो तास कामात धरत नाहीत.

सप्टेंबरपर्यंत आमच्या घरी आठवड्याला चोवीस तास नांदत होते. माझे गोदामातले सोळा आणि बायकोचे ऑफिस-सफाईचे आठ, सोमवार ते गुरुवार रोज संध्याकाळी दोन. मग ठेकेदाराचा नवा रोटा भिंतीवर लागला. गुरुवारच्या चौकोनात तिच्या नावापुढे पेनाने मारलेली आडवी रेघ. बायको म्हणाली, "आता गुरुवारचा उपास सगळ्या घराला."

दोन तासांची किमान मजुरी 12 पौंड 62 पेन्स. नुकसान तेवढंच असतं तर पिठल्यावर निभावलं असतं, आपल्याला तसदी दिली नसती. पण कमी पगाराच्या कामकऱ्यांना सरकार जी भर देतं, त्या वर्किंग टॅक्स क्रेडिटच्या मांडवात आपला मान वरमाईचा. मुलं असलेल्या जोडप्याचे मिळून चोवीस तास हवेत, त्यात एकाचे किमान सोळा. बावीस भरले तर थोडं कमी मिळेल, असा माझा भाबडा समज होता. बाविसाला शून्य मिळतं. मुलांचं क्रेडिट तेवढं राहतं. आमच्या घरचे आठवड्याला साठेक पौंड आपल्या रुसव्यापायी चालले.

तसे आपण या घरात नवखेच. गॉर्डन ब्राऊन अर्थमंत्री असताना 2003 साली ही योजना आली, तेव्हा मुलं असलेल्या घरात एकाचे सोळा तास पुरत. आपली नेमणूक 6 एप्रिल 2012 ची, लोकांनी जास्त काम करावं म्हणून. हेतू थोर! फक्त तास आमच्या परसात उगवत नाहीत, मॅनेजरच्या वहीत उगवतात. मी दोन मागितले. तो म्हणाला, ख्रिसमसला बघू.

नियमात एक पळवाट दिसली. एकट्या पालकाला अजूनही सोळाच पुरतात. म्हणजे लग्न टिकवायचा भाव आठवड्याला आठ तास. बायकोला सांगितलं, तर भाकरी थापता थापता म्हणाली, "मग मुलं तुमच्याकडे. सोळा तास तुमचेच आहेत. डबेही तुम्हीच करा." विषय तिथेच मिटला.

कायद्याला अगदीच काळीज नाही असं नाही हं. तास घटले तरी चार आठवडे पैसे चालू राहतात. आपलं तेरावं-चौदावं उरकण्यापुरते. खबर मात्र महिन्याच्या आत द्यायची, नाहीतर 300 पौंडांपर्यंत दंड. मी दिली.

ते चार आठवडे या गुरुवारी, 31 तारखेला, संपतात. संध्याकाळी पाचनंतर बायको रिकामीच आहे. यायचं असेल तर तेव्हा यावं, आणि येताना तेविसाव्याला घेऊन यावं. आपल्या एकट्याने भागणार नाही.

आपला,
बाविसावर अडलेला एक नवरा