आप्पांचा तवा

सकाळी सहाच्या सुमाराला भुसावळजवळच्या फेकरीच्या अंगाला, नांगरून पडलेल्या रानात एक माणूस कानाला हेडफोन लावून, लांब दांड्याच्या टोकाला बसवलेला तवा ढेकळांवरून इस्त्रीसारखा फिरवताना दिसला, तर गाडी थांबवू नका. ते आमचे आप्पा. थांबलात तर अर्धा तास जाईल आणि शेवटी तुमच्या हातात एक वायसर येईल.

आप्पा वीज केंद्राच्या कंट्रोल रूममधून चौतीस वर्षांच्या शिफ्टा संपवून निवृत्त झाले. दीपनगरचं क्वार्टर सोडलं, हायवेच्या अलीकडे घर बांधलं आणि पहिल्याच महिन्यात त्यांच्या लक्षात आलं, की रात्री दहाला जाग येते, पण नाइटला जायचं नसतं. आमच्याकडचा निवृत्त माणूस एक तर केळी लावतो आणि उरलेलं आयुष्य करप्यावर बोलतो, नाही तर सप्त्याच्या पावत्या फाडतो. आप्पांचं दोन्हीत मन रमेना. तेवढ्यात पुण्याच्या मुलाने फोनवर विचारलं, वाढदिवसाला काय पाठवू? आप्पांनी मेटल डिटेक्टर मागितला. मुलाने दोनदा विचारून खात्री करून घेतली, मग आईशी बोलला, मग पाठवला.

हेतू पैशाचा नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. आप्पांचं दुखणं वेगळं आहे. भुसावळला सगळं जग येऊन गेलं, पण गाडी बदलायला. राहिलं कोणी नाही. वर बऱ्हाणपूर आहे, असीरगड आहे, खाली अजिंठा आहे, आणि मध्ये आम्ही फलाटावर केळी विकत उभे. आप्पांना हे सलतं. आपल्या पायाखाली काहीतरी घडलेलं असलंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. लहानपणी कोणा म्हाताऱ्याने त्यांना सांगितलं होतं, की दुसऱ्या महायुद्धात या माळावर गोऱ्यांच्या पलटणीचे तंबू पडायचे. म्हातारा गेला. तंबूंचा कागदावर पत्ता नाही. पण तळ होता म्हणजे शिपाई होते, शिपाई होते म्हणजे खिसे होते, आणि खिशाला भोक असतंच, हा आप्पांचा सिद्धांत.

पहिल्या दिवशी मीही सोबत होतो. आप्पांनी बटण दाबलं आणि यंत्र असं काही ओरडायला लागलं, की धुऱ्यावरची कुत्री उठून गेली. तवा जमिनीला लावला तरी ओरडे, आभाळाकडे धरला तरी ओरडे. आप्पांनी माहितीपत्रक तीनदा वाचलं. मग हळूच मान वर केली. डोक्यावरून उच्च दाबाच्या तारा चालल्या होत्या. त्या सकाळच्या दवात नेहमीसारख्या गुणगुणत होत्या, आणि त्यांच्याच लहरी तव्यात शिरत होत्या. यंत्राला वाटत होतं, आभाळात खजिना आहे.

चौतीस वर्षं या माणसाने त्या तारांत वीज जावी म्हणून रात्री जागवल्या. युनिट ट्रिप झालं की याच्या पोटात गोळा यायचा. आता रोज पहाटे तोच माणूस त्या तारांकडे बघून म्हणतो, “दोन तास बंद राहिलं तर काय बिघडतं?” हे वाक्य त्यांनी नोकरीत असताना काढलं असतं, तर मेमो मिळाला असता.

तारांपासून लांब गेलं, तर माती सुखाने जगू देत नाही. आपली काळी माती म्हणजे झिजलेला काळा पाषाण. लहानपणी दोरीला लोहचुंबक बांधून रस्त्याने ओढलं, की त्याला काळी मिशी फुटायची ते आठवतं ना? तीच मिशी इथे कोसभर पसरलेली. यंत्राला ती लोखंडासारखीच वाटते. त्यात आमच्याकडे राख. कोळशाच्या राखेतसुद्धा लोखंडाचे डोळ्यांना न दिसणारे गोल कण असतात, चुंबक फिरवला की चिकटतात. म्हणजे जमिनीतून लोखंड, आभाळातून वीज आणि वाऱ्यावर पुन्हा लोखंड. या व्यवसायासाठी पृथ्वीवर दीपनगरइतकी वाईट जागा शोधून काढायला वेगळं यंत्र लागेल.

पण आप्पा कंट्रोल रूमचे. अडचण आली की ते तिची नोंदवही करतात. त्यांनी यंत्राचा कान हळू केला, मातीशी जुळवून घेतला, आणि आवाजांची वर्गवारी केली. जाड घोगरा आवाज म्हणजे लोखंड, बारीक स्वच्छ आवाज म्हणजे चांदी-तांबं. यातही एक ग्यानबाची मेख आहे. लहानसं सोनं आणि गोळ्यांच्या पाकिटाची चांदी यंत्राला जवळजवळ सारखीच ऐकू येते. त्यामुळे सोन्याची आशा सुटत नाही, आणि फेकरीच्या रानात कोणाला आम्लपित्ताचा त्रास आहे, हे आप्पांना डॉक्टरच्या आधी कळतं. एकदा असा गोड आवाज लागला, की आप्पा दीड फूट खणत गेले आणि खालून लांबच लांब जस्त चढवलेली पट्टी निघाली. पट्टीचा माग काढत दोघं पुढे सरकलो, तर ती थेट मनोऱ्याच्या पायाशी गेली. मनोऱ्याचं अर्थिंग उकरत होतो आम्ही. आप्पांनी माती परत लोटली, वरून पायाने दाबली, आणि घरी जाईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

ज्ञानाचा मात्र त्यांच्यापाशी तोटा नाही. कोणी “आप्पा, काय करू राह्यले?” असं विचारलं, की ते थेट अमेरिकेपासून सुरुवात करतात. 1881 साली तिथल्या राष्ट्राध्यक्षाला, गारफिल्डला गोळी लागली. ती पाठीत नेमकी कुठे अडकली हे सापडेना, म्हणून टेलिफोनवाला ग्रॅहम बेल स्वतः यंत्र घेऊन आला. यंत्र सगळीकडेच वाजायला लागलं. का? तर रोग्याच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या! इथे आप्पा थांबून तारांकडे बोट दाखवतात. मग येतो कोसात्स्की. पोलंडचा हा लष्करी अधिकारी आपला देश पडल्यावर स्कॉटलंडात पोचला. तिथे त्याने सुरुंग हुडकणारं यंत्र बनवलं, पेटंट घेतलं नाही, फुकट देऊन टाकलं, आणि 1942 साली अल अलामीनच्या वाळवंटात तेच चाललं. त्याच सुमारास पोलंडची पाच हजार निर्वासित माणसं आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहत होती, 1943 ते 1948. “म्हणजे या तव्याचे आजोळचे लोक आपल्याकडे पाहुणे होते,” असं आप्पा म्हणतात. विचारणारा तोवर बैल घेऊन पुढे गेलेला असतो.

गावाला मात्र यातलं काही पटत नाही. रानात पहाटे खणणारा माणूस म्हणजे गुप्तधनवाला, हे ठरलेलं आहे. आप्पा पायाळू आहेत का, याची चौकशी त्यांच्या थोरल्या बहिणीकडे झाली. एकाने मांडूळ आणून देऊ का म्हणून विचारलं, दुसऱ्याने तांदूळ ओढणारं तांब्याचं भांडं दाखवायला न्यायचं कबूल केलं. दोघांनाही आप्पांनी घोटभर चहा पाजून कायदा समजावला. ज्याच्या रानात खणायचं त्याची परवानगी ते आधी घेतात, आणि तोही दर वेळी बजावतो, “सोनं निघालं तं निम्मं माह्यं.” आजवर त्याच्या वाट्याला बाटल्यांची निम्मी बुचं आली आहेत.

कायद्यावरून आठवलं. 1878चा निखात निधी कायदा आपल्याकडे अजून जिवंत आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. 1878 सालच्या दहा रुपयांत काय काय येत असेल ते सोडा, कायद्यात आकडा दहाच आहे. आप्पांच्या वर्षभराच्या भंगाराची रद्दीवाल्याने एकशेचाळीस रुपये किंमत केली. झालं! आप्पांनी तीन प्रतींत अर्ज लिहिला: बोल्ट नग 61, वायसर नग 88, विळ्याचं पातं तुटलेलं नग 1, ठिकाण, तारीख, खोली इंचांत. “पुढील आदेश व्हावेत ही विनंती.” काकूंनी तो अर्ज कणकेच्या डब्याखाली घातला, म्हणून एक कार्यालय वाचलं.

खऱ्याखुऱ्या छावण्याही त्यांनी करून पाहिल्या. देवळालीला जायचं म्हणत होते. मी म्हटलं, तिथे आजही लष्कर आहे, असा दांडा घेऊन फिरलात तर पेन्शन तुरुंगात पोचवावी लागेल. त्या छावणीत बोटीची वाट बघत पडलेले गोरे सोजीर कंटाळून वेडे व्हायचे, म्हणून इंग्रजीत भ्रमिष्टाला देवळालीवरूनच शब्द पडला, हेही सांगितलं. काकू आतून म्हणाल्या, “मग यांना जायची काय गरज?” कल्याणला गेले. तिथला युद्धातला मोठा लष्करी तळ फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना मिळाला आणि 1949 साली त्याचं उल्हासनगर झालं. लोक पत्ता सांगताना अजून कॅम्प नंबरच सांगतात. आप्पा उत्साहाने कॅम्पात उतरले, तर तवा टेकवायला हातभर उघडी माती मिळेना. जीन पॅन्ट घेऊन परत आले.

धरणगावला मात्र आशा होती. 1825 साली औटराम या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावचं. ओळखीच्या एका शेतात परवानगी काढून आप्पांनी दिवसभर रान पिंजलं आणि संध्याकाळी मला फोन आला, आवाज चिरकलेला: “औटरामच्या घोड्याची नाल!” मी गेलो. वाटेत बसलेल्या नालबंदाला दाखवली. त्याने ती नुसती उलटी केली. “ही बैलाची पत्री हाये. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हून अर्धी-अर्धी ठोकतात. घोड्याची अशी असते का भो?” औटराम साहेब वाघ मारायचे, हे प्रसिद्ध आहे. पण बैलावर बसून मारल्याचा उल्लेख कुठे नाही.

त्यानंतर काडतूस. रिकामं, पितळी, माळावरच्या ओघळीत सापडलं. आप्पांचे हात थरथरत होते. बुडावर खडकीच्या कारखान्याची ‘के एफ’ ही खूण आणि चाळिशीतलं साल असणार, अशी त्यांची खात्री होती. थुंकी लावून पुसलं. साल 84 निघालं. वरणगावचा काडतुसांचा कारखाना 1964चा, आणि तिथून आमचं घर सायकलच्या टप्प्यात. महायुद्ध शोधायला निघालेला माणूस शेजारच्या गावात पोचला होता. कायद्याचं मनात येऊन आप्पांनी ते काडतूस त्याच संध्याकाळी पोलीस पाटलाच्या हवाली केलं आणि पावती मागितली.

या सगळ्यात त्यांची खरी तहान होती भोकाच्या पैशाची. युद्धात धातूची चणचण झाली, तेव्हा सरकारने 1940 साली रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, आणि 1943 पासून पैशाच्या मधला गोलच काढून घेतला. ते नाणं 1947 पर्यंत पडत होतं. मध्ये भोक, म्हणून राजाचा चेहरा नाही, नुसता मुकुट. शिपायाच्या खिशात हाच पैसा असणार. अडचण एवढीच, की भोकाचा पैसा आणि वायसर हे मातीत पडल्यावर सख्खे भाऊ दिसतात. अठ्ठ्याऐंशी वेळा आप्पांनी मातीचा गोळा चोळला, अठ्ठ्याऐंशी वेळा भोक दिसलं, आणि अठ्ठ्याऐंशी वेळा खाली गंजका वायसर निघाला. ते त्यांनी बरणीत भरून ठेवले आहेत.

गेल्या अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, आप्पा तापीपलीकडच्या वडिलोपार्जित घरी गेले होते. मीही पुरणाच्या मांड्यांना होतो. दुपारी ओसरीवरच्या बंगईत, म्हणजे झोपाळ्यात बसलो, तर ती पाठीकडून कुरकुरायला लागली. आप्पा पाना घेऊन खाली वाकले, तीन सुती बोल्टाची चाकी फिरवली, आणि तसेच वाकून राहिले. मला वाटलं, कंबर धरली.

चाकीखाली वायसर नव्हता. चिकट काळ्या ग्रीसमध्ये भोकाचा पैसा होता. घरातल्या कोणीतरी बोल्टाला बरोबर बसतो म्हणून तिथे लावला होता, आणि तीन पिढ्या त्यावर रेलून झोपल्या होत्या. रॉकेलने धुतला, तर मुकुट स्वच्छ, साल 1944.

नाणं शेजारच्या मुलांना दाखवून झालं, मुलाला फोटो गेला. मग आप्पांनी बरणी मागवून घेतली. त्यातला एक बरा वायसर निवडून बोल्टाला चढवला आणि चाकी आवळली. उरले सत्त्याऐंशी. बंगई अजून कुरकुरते.