हरलेला डाव कसा सांगावा

बुद्धिबळाचा डाव हरल्यावर पहिली दहा मिनिटं कुणाशीही बोलू नये. या काळात तोंडातून जे निघतं ते खरं असतं, आणि खरं एकदा बाहेर पडलं की पुढे काही रचता येत नाही. हस्तांदोलन करावं आणि पाणी प्यायला जावं. मंगल कार्यालयात भरलेल्या स्पर्धेत पाण्याचा पिंप नेहमी लांब असतो, ही सोयच समजावी.

मग कारण निवडावं. नवशिके इथे घाई करतात. पंख्याचा आवाज, डोळ्यांवर येणारी ट्यूबलाइट, मागच्या स्वयंपाकघरातली भांड्यांची आदळआपट, ही सगळी कच्ची कारणं. समोरच्यालाही तोच पंखा होता, हे कुणीही दाखवून देईल. मुरलेला खेळाडू कारण पटावरच शोधतो, तेही शक्यतो एन्डगेममध्ये, म्हणजे पटावर मोजकीच मोहरी उरल्यावर. तिथवर पोचलेला डाव आपोआप ‘झुंजीचा’ ठरतो. अकराव्या चालीला वजीर गेला असेल तर तो डाव सरावाचा होता असं समजून गप्प राहावं.

हत्तींचं एन्डगेम सर्वांत उत्तम. तुमच्याकडे नुसता हत्ती, समोर हत्ती आणि एक प्यादं. इथे फिलिडोरचं नाव घ्यावं. हा अठराव्या शतकातला फ्रेंच संगीतकार. ऑपेरा रचायचा आणि शिवाय त्या काळातला सर्वांत बलवान बुद्धिबळपटू मानला जायचा. (काहींना सगळंच जमतं.) त्याची शिकवण अशी की, आपला राजा प्याद्याच्या वाटेत बसवावा आणि हत्ती आपल्याकडून तिसऱ्या ओळीत धरून ठेवावा, म्हणजे समोरच्या राजाला पुढे सरकता येत नाही. प्यादं त्या ओळीत आलं, की हत्ती पार पलीकडच्या टोकाला न्यावा आणि मागून शह देत सुटावं. बरोबरी. हे तुम्हाला पाठ होतं, पटावर नेमकं तेच चाललं होतं. तरीही बासष्टाव्या चालीला, घड्याळात वीस सेकंद उरलेले असताना, हत्ती तिसऱ्या ओळीतून का हलला, हा प्रश्न ऐकणाऱ्याला पडू देऊ नये. ‘तसा डाव बरोबरीचाच होता’ एवढं म्हणून थोडा वेळ छताकडे बघावं.

प्रतिस्पर्ध्याचं वर्णन बेताने करावं. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते आणि तो मधूनमधून शेजारच्या पटावरचा डाव बघायला जात होता, हे तपशील गाळावेत. ‘समोरचा तयारीचा होता’ हे वाक्य पुरेसं आहे आणि खोटंही नाही. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर त्याच्यासोबत डाव पुन्हा मांडून बघण्याचा मोह मात्र आवरावा. तो अत्यंत प्रेमाने म्हणतो, ‘काका, इथे तर तुम्ही जिंकत होतात,’ आणि तुमच्या लक्षातही न आलेल्या सात चाली भराभर करून दाखवतो. त्याची आई डबा उघडून उभी असते.

डाव फोनवरच्या स्टॉकफिश या बुद्धिबळ इंजिनाला दाखवायला हरकत नाही, पण शिस्तीने. तेविसाव्या चालीला तो तुम्हाला अधिक १.८ देतो, म्हणजे तुमची बाजू चांगलीच वरचढ. तिथेच थांबावं, स्क्रीनशॉट काढावा, फोन खिशात टाकावा. पुढच्या आकड्यांशी आपल्याला काही कर्तव्य नाही.

अजूनही जीव शांत होत नसेल तर थोरामोठ्यांचे दाखले द्यावेत. १९९७ मध्ये न्यूयॉर्कला डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या दुसऱ्या डावात कास्पारोव्हने हार मानली, आणि ज्या स्थितीत मानली तिथेच सततच्या शहाने बरोबरीची वाट होती, असं विश्लेषकांनी नंतर दाखवलं. २०२४ मध्ये सिंगापूरला चौदाव्या डावात डिंग लिरेनने बरोबरीकडे चाललेल्या एन्डगेममध्ये पंचावन्नाव्या चालीला हत्ती भलत्याच घरात ठेवला आणि जगज्जेतेपद गुकेशच्या हवाली केलं. ही उदाहरणं देताना ‘आम्हा लोकांचं असं होतं’ असा प्रयोग करू नये. ऐकणाऱ्यालाच तो करू द्यावा. करत नसेल तर श्रोता बदलावा.

घरी हे काहीच चालत नाही. आई दार उघडतानाच विचारते, ‘हरलास ना?’ यावर ‘चार तास चालला डाव’ असं उत्तर द्यावं. तिचा पुढचा प्रश्न ‘जेवलास का?’ हाच असल्यामुळे विषय तिथेच मिटतो. खरा श्रोता ऑफिसात सापडतो: ज्याला घोडा अडीच घरं जातो एवढंच आठवतं, असा.

आता दूरदृष्टीचा भाग. त्या मुलाला मनापासून आशीर्वाद द्यावेत आणि पुढे त्याच्या निकालांवर लक्ष ठेवावं. नाशिकचा विदित गुजराथी जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी २०२४ ची कँडिडेट्स खेळला, नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकली. लहानपणी या दोघांनी गावोगावच्या स्पर्धांत काही काकांना धूळ चारलीच असणार. ते काका आज कुठल्याही लग्नात तो डाव सांगू शकतात, हरले तरी. म्हणून चाली लिहिलेल्या कागदाच्या कार्बन प्रतीवर त्याची सही नीट वाचता येते ना, हे हॉल सोडण्यापूर्वी बघून घ्यावं. गिरगोटा असेल तर ‘बाळा, पूर्ण नाव लिही’ म्हणावं.