जिंकत आलेली गोल्फ स्पर्धा कशी घालवावी

गोल्फ स्पर्धा हरणे ही काही कला नव्हे. दर आठवड्याला शेकडा-दीडशे खेळाडू हरतात आणि सोमवारी त्यांना कुणी ओळखही दाखवत नाही. होतकरूंनी असे हरायला शिकावे की जिंकला कोण, हेच लोकांनी विसरावे.

या शास्त्राचे आद्यगुरू म्हणजे फ्रान्सचे जाँ व्हॅन द व्हेल्द. स्थळ स्कॉटलंडमधले कार्नूस्टी, साल १९९९, ओपन स्पर्धेचा शेवटचा होल. आधी भक्कम आघाडी घ्यावी. मुळात काही नसेल तर घालवणार काय? गुरुजी तीन फटक्यांनी पुढे होते. पार चारचा होल, सहात संपवला तरी चषक त्यांचाच. अशा वेळी घाबरट माणूस छोटे छोटे फटके मारत घरी पोहोचतो. गुरुजींनी थेट ड्रायव्हर काढला आणि चेंडू शेजारच्या सतराव्या होलकडे धाडला. दुसरा फटका प्रेक्षकांच्या स्टँडच्या कठड्यावर, तिथून बॅरी बर्न ओढ्याच्या दगडी भिंतीवर आणि तिथून उलटा दाट गवतात. (एवढे सराव करूनही जमत नाही, दैवाची साथ लागते.) तिसरा सरळ ओढ्यात.

आता मुख्य कृती. बूट-मोजे काढावेत, विजार गुडघ्यापर्यंत दुमडावी, पाण्यात उतरावे आणि बुडालेल्या चेंडूकडे गंभीरपणे पाहत राहावे. जगभरचे कॅमेरे आपल्या पोटऱ्यांवर स्थिरावले की विचार बदलून बाहेर यावे आणि एका फटक्याचा दंड सोसावा. पाचवा फटका वाळूत. सातवा मात्र त्यांनी अचूक होलमध्ये घातला, आणि खरी थोरवी इथेच आहे. तोही हुकता तर हरणे तिथेच आटोपले असते; आता तिघांच्या प्लेऑफमध्ये पुन्हा एकदा हरता आले. जिंकला पॉल लॉरी. त्या दिवशी सकाळी तो दहा फटके मागे होता.

जवळ ओढा नसेल तर हेल अर्विनची पद्धत वापरावी. १९८३च्या ओपनमध्ये दोन-तीन इंचांवरचा चेंडू आत ढकलायला तो निष्काळजीपणे गेला आणि पटर चेंडूला लागलाच नाही. हुकलेला फटकाही मोजतात. स्पर्धा एका फटक्याने गेली.

बैठे काम आवडणाऱ्यांसाठी रोबेर्तो दे विचेन्झो. १९६८ची मास्टर्स, त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस. सतराव्या होलला त्याने तीन फटके घेतले; सोबतच्या टॉमी एरनने कार्डावर चार लिहिले. दे विचेन्झोने न वाचता सही ठोकली. सही झाली की मोठा आकडा कायम, त्यामुळे प्लेऑफही हुकला. एरनने पुढे १९७३ला हीच स्पर्धा स्वतः जिंकली, तेव्हा लेखनिकाची निवड विचारपूर्वक करावी.

कॅडीकडूनही काम करून घेता येते. २००१च्या ओपनमध्ये इयन वूझनमच्या पिशवीत चौदाऐवजी पंधरा क्लब निघाले. दंड दोन फटके.

विजारीची फार काळजी असेल तर क्रेग स्टॅडलर. १९८७, सॅन दिएगोचे टॉरी पाइन्स. झाडाखालचा चेंडू मारताना गुडघे मळू नयेत म्हणून त्याने टॉवेल अंथरला. नियमानुसार ही उभे राहण्याची सोय बांधणे झाले. टीव्हीवर पाहणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करून कळवले आणि दुसऱ्या क्रमांकाची कमाई बुडून तो बाद झाला. १९९५ला ते झाड रोगट झाले, तेव्हा तोडायला त्यालाच बोलावले. तो करवत घेऊन आनंदाने गेला. झाड तोडताना टॉवेल अंथरायला नियमांची कसलीही हरकत नाही.