भिंतीला कान लावणाऱ्या हेरास

ब्राह्मणपारा, रायपूर

हेर प्रोग्रामा,

पत्राच्या आरंभी नमस्कार लिहायची आमच्या घरची रीत आहे. तुला मी तो लिहिणार नाही. दुसऱ्याच्या गुपितावर टपून बसणाऱ्याला नमस्कार कसला?

तुझी चोरी मला आता नीट कळली आहे. प्रोसेसरमध्ये कॅश नावाची छोटी, वेगवान स्मृती असते आणि तिचा शेवटचा थर बहुधा सगळ्यांना सामाईक. तू तिथला एक कोपरा आपल्या माहितीने भरतोस, थांबतोस, मग तीच माहिती परत मागून वेळ मोजतोस. उशीर झाला की ओळखतोस, शेजाऱ्याने ही जागा वापरली. एकाच पाइपवर दोन घरं असली की इकडची धार बारीक होताच तिकडे कुणीतरी नळ सोडल्याचं कळतं, तसंच हे. तू मात्र त्या धारेवरून शेजाऱ्याच्या तिजोरीची किल्ली घडवतोस. एवढी अक्कल, आणि वापरलीस कशासाठी!

गणिताला लागणाऱ्या वेळेवरून गुप्त किल्ली फुटू शकते, हे पॉल कोचर यांनी 1996 मध्येच दाखवलं होतं. चिपवाले तरीही वेगामागे धावले. प्रोसेसर पुढचं काम अंदाजाने आधीच उरकतो आणि अंदाज चुकला तरी कॅशमध्ये खुणा राहतात, हे जानेवारी 2018 मध्ये स्पेक्टर नावाच्या हल्ल्याने चव्हाट्यावर आणलं. त्या खुणा वाचायला तू हजरच.

पण पवईतली माणसं तुझ्या मागावर आहेत. आयआयटी मुंबईच्या बिस्वबंदन पांडा यांनी विद्यार्थ्यांसह 2024 मध्ये ‘माया’ नावाची कॅश मांडली. त्याआधीच्या ‘मिराज’ रचनेत कुठली माहिती बाहेर काढायची हे सगळ्या कॅशमधून चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, त्यामुळे तुझा कोपऱ्याचा हिशेब कोलमडतो. पण तिला सुमारे 20 टक्के जादा साठवण लागते. एवढी महाग राखण कुठला कारखानदार पत्करेल? पवईकरांनी बघितलं, की कॅशच्या शेवटच्या थरात आलेली बरीचशी माहिती पुन्हा कुणी मागतच नाही. म्हणून माया पहिल्या खेपेला फक्त पत्त्याची नोंद करते. पुन्हा मागणी आली तरच माहिती ठेवते. जागा वाचते आणि राखणही टिकते. मला हे काम फार सुंदर वाटतं.

कॅश एकूण किती भरली यावरून अंदाज बांधायची तुझी वाट अजून खुली आहे, हे मी जाणतो. म्हणूनच हे संशोधन थांबता कामा नये.

मे 2025 मध्ये आमच्या नवा रायपुरात एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. डेटा सेंटरमध्ये एकाच यंत्रावर अनोळखी लोकांची कामं शेजारी शेजारी चालू शकतात. तुला हवा तसाच शेजार. आयआयटी मद्रासचा शक्ती, सी-डॅकचा वेगा, असे प्रोसेसर देशात घडताहेत. त्यांच्या आराखड्यातच ही राखण बसावी आणि त्यासाठी विद्यापीठांना पैसा मिळावा, अशी मागणी मी करतच राहणार. तोवर तुला मोजायचं तेवढं मोजून घे.

तुझ्यावर डोळा ठेवून असलेला,
एक ब्राह्मणपारावासी