सरांचं भूमिपूजन

भाताची झोडणी उरकली की शहापूर-मुरबाडकडच्या किन्हवली-सरळगाव पट्ट्यात कबड्डीला ऊत येतो. मैदानं चोपली जातात, हॅलोजन लागतात आणि फ्लेक्सवर झाडून सगळ्या भाऊ-दादा-शेठ मंडळींचे चेहरे उगवतात. अशा स्पर्धेच्या हिशेबाची वही एकदा चाळून बघा. मंडप, लाइट, डीजे, यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण, समालोचक, पाहुण्यांची शाल, पाहुण्यांचा नारळ, पाहुण्यांचा नाश्ता आणि पाहुणे उशिरा आले म्हणून दुसरा नाश्ता. चषक एवढा उंच, की फोटोत जिंकलेल्या संघाचा कर्णधार त्याच्यामागे दडतो. यात प्रशिक्षकाचा खर्च कुठे, असं विचारलं तर लोक मंडपाच्या कडेला बोट दाखवतात. तिथे गळ्यात शिट्टी अडकवून सर उभे असतात. त्यांना खर्च नाही.

सर शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतात, निदान वेळापत्रकात तसं लिहिलंय. गणित मागे पडलं की पीटीचा तास गणिताला जातो, इंग्रजी मागे पडलं की इंग्रजीला. उरलेल्या वेळात मतदारयादी, सर्वेक्षण आणि वरून मागवलेली माहिती ‘आजच, आत्ताच’ भरून पाठवणं. हे सगळं झालं की संध्याकाळी पोरापोरींना फुकट कबड्डी. २०१४ साली टीव्हीवर प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा सरांच्या उच्च शिक्षणाची सोय झाली. दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईला गुण आणलाच पाहिजे, तीन किंवा कमी गडी उरले असताना पकड केली तर दोन गुण, हे सारं सर तिथेच शिकले. घरच्यांची मालिका लागली की वर्ग सुटायचा.

मोठ्या खेळाडूमागे म्हणे फिजिओ, आहारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ असा लवाजमा फिरतो. आमच्याकडेही तो आहे, फक्त बिनपगारी. ताकदीचा व्यायाम विहीर करून घेते: तानसा, भातसा, मोडकसागर पोटात घेऊन मुंबईला पाणी पाजणाऱ्या शहापूर तालुक्यात मे महिन्यात पोरी डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी घेऊन चढ चढतात. आहार आई बघते, म्हणजे तांदळाची भाकरी आणि सुकट. सामन्याच्या दिवशी आयोजक बघतात, म्हणजे वडापाव. मानसतज्ज्ञ चहाच्या टपरीवर बसलेला असतो. हरून आलेल्या पोराला तो एकाच वाक्यात मोकळं करतो, “आता तरी एमआयडीसीत चिकट.”

फिजिओचं तेवढं हसण्यावारी नेता येत नाही. कबड्डीत घोटा धरतात आणि गुडघा पिळवटतो. गुडघ्यातला अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने लागतात आणि त्या नऊ महिन्यांत कुठल्या आठवड्यात कोणता व्यायाम, हे सांगायला शिकलेलं माणूस लागतं. आमच्याकडे तेल, पट्टी आणि “पंधरा दिवसांनी ये.” पंधराव्या दिवशी पोरगा चढाईला जातो, सोळाव्या दिवशी रिक्षाच्या परमिटची चौकशी करतो. सरांना यातलं काही शिकवलं असतं तर त्यांनी त्याला चढाईला सोडलं नसतं. पण सरांना कोण शिकवणार, आणि कुठल्या लेखाशीर्षाखाली?

सरकार खेळावर पैसा खर्च करत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीत कांस्य आणलं. राज्यानं त्याला २ कोटी आणि त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांना २० लाख दिले. हक्काचे होते, आणखी दिले असते तरी चाललं असतं. पण हा पैसा पदकानंतरचा. भात कणगीत पडल्यावर बियाण्याचं अनुदान मिळावं, तशी ही तऱ्हा.

परंपराही जुनी आहे. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्य आणलं. आता १५ जानेवारी, खाशाबांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. धोरणात सातत्य आहे: घर प्राचार्यांनी गहाण टाकायचं, दिन सरकारनं साजरा करायचा.

इंग्रजांनी याबाबतीत फारच बालिशपणा केला. १९९६ला अटलांटात त्यांना एकच सुवर्ण मिळालं, पदकतक्त्यात ३६वा नंबर. मग त्यांनी राष्ट्रीय लॉटरीचा पैसा खेळात ओतला, आणि तोही खेळाडूंबरोबर प्रशिक्षक, डॉक्टर, फिजिओ यांच्यावर. २०१६ला रिओत ६७ पदकं आणि दुसरा नंबर. आपली राज्य लॉटरी १९६९पासून आहे. पण ती आपण प्रामाणिकपणे लॉटरी म्हणूनच चालवतो आणि खेळाडू घडवण्याचं कामही त्याच पद्धतीनं करतो.

शिकलेला प्रशिक्षक काय करतो, हे बघायचं असेल तर कसारा घाट चढून नाशिकला जावं. तिथल्या शैलजा जैन यांनी वर्षानुवर्षं मुलींना कबड्डी शिकवली. भारताचा संघ काही त्यांच्या हाती आला नाही. निवृत्तीनंतर इराणनं बोलावलं. बाई गेल्या, फारसी शिकल्या, पोरींना प्राणायाम शिकवला. २०१८ला जाकार्तातल्या आशियाई स्पर्धेत महिला कबड्डीचा अंतिम सामना लागला, भारत विरुद्ध इराण. त्याआधीची दोन्ही सुवर्णं भारताची. निकाल लागला इराण २७, भारत २४. आपण तेल आयात करतो, प्रशिक्षक निर्यात करतो. व्यापारातली तूट कुठेतरी भरून काढावीच लागते.

मुरबाडला एमआयडीसी आहे, मग कंपन्यांकडे जा, असं काही जाणकार सुचवतात. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणावर केलेला खर्च सामाजिक दायित्वात धरला आहे. शब्द ‘प्रशिक्षण’ असाच आहे. पण प्रशिक्षणावर लोगो छापता येत नाही, टी-शर्टवर येतो. म्हणून एकेका पोराकडे चार टी-शर्ट असतात आणि वॉर्म-अप कसा करायचा ते चारांपैकी एकावरही लिहिलेलं नसतं.

सगळ्या अडचणीचं मूळ माझ्या ध्यानात आलंय. या राज्यात ज्याचं भूमिपूजन होतं त्यालाच पैसा मिळतो. क्रीडा संकुलाला मिळतो, कारण त्याला पाया असतो, कोनशिला असते, फीत असते. सरांना यातलं काहीच नाही. तेव्हा सरांचंच भूमिपूजन करावं, असा प्रस्ताव घेऊन मी आमच्या भाऊंकडे गेलो.

भाऊंना कल्पना पसंत पडली. “खर्च किती?” म्हणाले.

मी सांगितलं की पतियाळाला १९६१पासून राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे. तिथे प्रशिक्षकांसाठी सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्ग असतो. फी, गाडीभाडं आणि सर नसताना शाळेत उभा राहील अशा माणसाचं मानधन. झालंच तर एखाद्या पोरीला फिजिओथेरपी शिकायला पाठवू.

“कोनशिला कुठं बसवायची?”

“सरांच्या ट्रॅकसूटच्या पाठीवर. ‘भाऊंच्या शुभहस्ते.’ ते रोज मैदानावर असतात. भिंतीपेक्षा जास्त लोक वाचतील.”

भाऊंनी मान हलवली. नारळ कुठे फोडायचा यावर थोडी चर्चा झाली. सरांनी तो पायाशी फोडावा अशी लेखी विनंती केली होती, ती मान्य झाली. मग भाऊंच्या कपाळावर आठी आली.

“शिकून सर दुसरीकडे गेले तर? त्या नाशिकच्या बाई इराणला गेल्या तसे? भिंत बांधली तर ती जात नाही हो कुठं.”

हा मुद्दा बिनतोड होता. तडे जातात, पत्रे जातात, संकुलातले नळ जातात, पण भिंत स्वतः होऊन इराणला गेल्याचं उदाहरण नाही. शेवटी सरांनी पाच वर्षं तालुका सोडणार नाही असं पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं ठरलं. स्टॅम्पचा खर्च सरांनी करायचा.

रविवार ठरला. मंडप पडला, डीजे लागला, फ्लेक्सवर भाऊ मोठे आणि सर कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे. शनिवारी संध्याकाळी सरांना मतदारयादीच्या कामाचा आदेश आला, उद्या सकाळी हजर व्हा, अन्यथा कारवाई. आता कार्यक्रम रद्द करायचा तर पाहुणे निघालेले. सरांच्या खुर्चीवर त्यांचा फोटो ठेवून पूजा उरकावी, असं कुणीतरी सुचवलं. फोटोला हार घालायची वेळ आली तेव्हा सरांच्या बायकोनं हरकत घेतली.

मग शेजारच्या गावचे सर बोलावले. ते टेनिस बॉल क्रिकेटवाले आहेत, पण ट्रॅकसूट त्यांना अगदी बरोबर बसला.