हवेला पाणी पाजणारा माणूस

गेल्या उन्हाळ्याआधी मेहुणीनं गुहागरहून येताना नेचे, अँथुरियम आणि सुपारीचं एक रोप आणलं. कोकणातली माणसं उदगीरला आली, की तिसऱ्या दिवशी ओठ फुटल्याची तक्रार करतात. रोपांना तक्रारीचीही सवड मिळाली नाही. एप्रिल लागला आणि नेच्याची पानं पापडासारखी मोडू लागली. १७६० साली भाऊसाहेबांनी उदगीरला निजामाला नमवलं. माझ्या परसात उन्हानं कोकणाला नमवलं.

‘‘याला पाणी नाही, दमट हवा लागते,’’ रोपवाटिकेतला पोरगा म्हणाला. दमट हवा किलोवर मिळत नसल्यामुळे मी तळं खणलं. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, खाली कुणाच्या तरी शेततळ्याची उरलेली पन्नी.

शेजारचे काका कुंपणावरून डोकावले. ‘‘काय करायलाव, सर?’’

‘‘हवेतली आर्द्रता वाढवतोय.’’

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘२०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. तवा माणसाला प्यायला नव्हतं. आन् आता तुम्ही हवेला पाजायलाव?’’

हवा मात्र खरंच पीत होती. पाणी रोज बोटभर खाली जाई. तीन चौरस मीटरवरचं एक सेंटिमीटर म्हणजे तीस लिटर. दोन घागरी तरी झाल्याच. त्या गेल्या कुठे, हे पाहायला मी आर्द्रतामापक आणला. पाण्यावर वीतभर उंचीला काटा चाळीस टक्क्यांवर. दहा फुटांवर नेच्याशेजारी एकोणीस. बाहेर रस्त्यावरही एकोणीसच.

कारण साधं होतं. चाळीस अंशांची हवा वीस अंशांच्या हवेपेक्षा तिप्पट वाफ पोटात ठेवू शकते. अशा तहानलेल्या हवेपुढे माझ्या दोन घागरी म्हणजे दाढेखालचा शेंगदाणा. त्यात पश्चिमेचा वारा जे काही दमट झालं असेल ते उचलून बिदरच्या दिशेनं नेई. राज्याराज्यांत पाण्यावरून भांडणं चालू असताना मी एकटा, कुठल्याही लवादाशिवाय, कर्नाटकाला पाणी सोडत होतो.

नेचा सोडून तळ्याचा फायदा सगळ्यांना झाला. बेडूक आले. डास आले, अंड्यापासून उडण्यापर्यंत त्यांना आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून गप्पी मासे आणावे लागले. काकांची देवणी गाय दावं सोडवून येऊ लागली आणि एका दमात माझी दोन दिवसांची आर्द्रता पिऊन जाऊ लागली.

शेवटी बायको म्हणाली, ‘‘आवो, एकदा न्हाणीच्या मागं बघून या.’’

वीस वर्षं मी तिथं फक्त तुंबलेली मोरी काढायला गेलो होतो. आता नीट पाहिलं. सांडपाण्यावर केळ, कर्दळ आणि हत्तीच्या कानाएवढाली अळूची पानं माजली होती. पश्चिमेला भिंत, त्यामुळे वारा अडलेला. वर लिंबाची सावली. पानं एकमेकांना खेटलेली, त्यामुळे एकाचा ओलावा दुसऱ्याच्या अंगाला. आर्द्रतामापक तिथं भरदुपारी पंचेचाळीस दाखवत होता. सासूबाईंनी ही जागा कुठलंही यंत्र न लावता ठरवली होती.

कुंड्या त्याच दिवशी तिकडं हलवल्या. पंधरा दिवसांत नेच्यानं मुठीसारखं वळलेलं नवं पान काढलं. सुपारी मात्र गेली.

तळं बुजवलेलं नाही. गल्लीत त्याला आता ‘सरांचा हौद’ म्हणतात, आणि देवणी रोज दुपारी वेळेवर येते.