खर्जातला माणूस

बेसवाला जन्माला येत नाही, नेमला जातो. कॉलेजात बँड निघतो तेव्हा पाच पोरं जमतात. त्यांतली चार गिटार वाजवणारी असतात आणि पाचव्याच्या मामाकडे ड्रमसेट असतो. एका बँडात चार गिटारी मावत नाहीत हे दुसऱ्या तालमीला सगळ्यांच्या लक्षात येतं आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा एकावर स्थिरावतात. हा बहुधा तालमीला वेळेवर येणारा, नाही म्हणायची सवय नसलेला आणि एफचा बार कॉर्ड अजून न लागणारा मुलगा असतो. "तू बेस घे ना. तुझं टायमिंग भारी आहे," असं त्याला सांगितलं जातं. ही त्याच्या सांगीतिक आयुष्यातली पहिली शाबासकी. दुसरी यायला बरीच वर्षं जातात.

पुढे पोरांची लग्नं होतात, गिटारी माळ्यावर जातात, ड्रमसेट मामा परत नेतो. बेसवाला तेवढा चाळिशीतही वाजवत असतो. शहरात गिटारवाले पैशाला पासरी आणि बेसवाले शोधून सापडत नाहीत, हे त्याचं खरं कारण. त्यामुळे हा दिवसा हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासत असो नाहीतर सहकारी बँकेत थकबाकीदारांना फोन करत असो, एका वेळी तीन ग्रुपमध्ये असतो. एक जुन्या हिंदी गाण्यांचा, एक इंग्रजी रॉकचा आणि एक ज्याचं नाव अजून ठरायचंय. गणपतीत तिन्हीकडून फोन येतात. "मोकळा आहेस का?" एवढंच सगळे विचारतात. "वाजवतोस कसा?" हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

आपली निवड झाली नाही, नेमणूक झाली, हा सल घालवायला त्याने एक गोष्ट पाठ करून ठेवलेली असते. १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये बीटल्सचा बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ चित्रकलेकडे वळला आणि बँड सोडून गेला. लेनन, हॅरिसन काही बेस घ्यायला पुढे आले नाहीत. शेवटी ते लोढणं पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडलं. "म्हणजे मॅकार्टनीसुद्धा नेमलेलाच!" हे वाक्य तो अशा थाटात म्हणतो की आता लंडनहून बोलावणं यायचं तेवढं बाकी राहिलंय.

मॅकार्टनीचा तो व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस १९७२ मध्ये चोरीला गेला आणि सापडल्याची बातमी आली थेट २०२४ मध्ये. आपल्या माणसाचाही बेस एकदा रिक्षात राहिला होता. तो अर्ध्या तासात परत आला. रिक्षावाल्याने पत्ता मिळतो का बघायला पिशवी उघडली होती आणि तो पुरता घाबरला होता. "साहेब, आईशपथ, चारच तारा होत्या. बाकीच्या दोन मी नाही काढल्या."

त्याचं दुसरं दैवत जेम्स जेमरसन. साठच्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने काढलेल्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांत या माणसाचा बेस आहे आणि वेष्टनावर नाव नाही. ते छापून आलं १९७१ मध्ये, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. जेमरसन उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा आणि तारा तुटल्याशिवाय बदलत नसे, असं सांगतात. यातलं दुसरं तत्त्व आपल्या माणसाला ताबडतोब पटलं, कारण बेसच्या तारांच्या एका संचाच्या पैशांत गिटारच्या तारांचे दोन-तीन संच सहज येतात. आपल्याकडे पंचमच्या, म्हणजे आर. डी. बर्मनच्या, वादकांत टोनी वाझ बेस वाजवायचे, हेही त्याने एव्हाना घरातल्या प्रत्येकाला दोनदा सांगून झालेलं असतं. लग्नाच्या हॉलमध्ये पंचमचं गाणं लागलं की बाकीचे ओठ हलवतात, हा मान हलवतो, आणि तीही इतरांना भलत्याच वाटणाऱ्या ठिकाणी.

तारा अगदीच मेल्या की तो त्या उकळतो. ही थट्टा नव्हे. तारांच्या वेढ्यांत बोटांचा घाम आणि मळ साचून आवाज बसतो. पाण्यात दहा मिनिटं उकळल्या की काही दिवस पुन्हा खणखणीत वाजतात. जगभरचे बेसवाले हे करतात. कोणत्या पातेल्यात करायचं, एवढाच प्रश्न प्रत्येक घराने आपापला सोडवायचा असतो. रात्री अकराला गॅसवर काहीतरी रटरटताना बघून आईने "शेवया केल्यास का गं?" असं सुनेला विचारत झाकण उचललं, त्या दिवसापासून त्या घरातल्या दुधाच्या पातेल्याला नेलपॉलिशची खूण आहे.

खर्ज भिंतींना जुमानत नाही. हा दार लावून, आवाज अगदी बारीक ठेवून वाजवतो. त्याच्या खोलीत फारसं काही ऐकू येत नाही. खालच्या मजल्यावर मांडणीतल्या वाट्या मात्र थरथरतात. खालच्या काकूंनी सोसायटीकडे पहिली तक्रार केली ती आवाजाची नव्हती, भूकंपाची होती.

हे वाद्य आजच्या रूपात बाजारात आणलं लिओ फेंडरने, १९५१ साली, कॅलिफोर्नियात. हा गृहस्थ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याच्या प्रिसिजन बेसच्या तारेची लांबी ३४ इंच होती आणि आजही बहुतेक बेस त्याच मापाचे निघतात. डोक्यापासून बुडापर्यंत जवळजवळ चार फूट आणि वजन चार किलो. हे पाठीला बांधून स्कूटरवरून जाणारा माणूस लक्ष्मी रोडच्या गर्दीत वळला की मागच्या दोघांना आपोआप बाजूला व्हावं लागतं. बेसवाल्याला लोक वाट करून देतात, असा हा एकमेव प्रसंग.

त्याच्या खरेदीला एक अटळ क्रम असतो. पहिला बेस जुना, मित्राकडून घेतलेला. दुसरा नवा, बोनसमधून. मग धोबीतलावच्या फुर्टाडोजमध्ये तासभर बेस वाजवून तो पट्टा घेऊन बाहेर येतो, पण मनात पाच तारांचा बेस घर करून बसलेला असतो. चार तारांच्या बेसमधली सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झवर बोलते, पाचवी ३१ हर्ट्झवर. म्हणजे अजून खाली. तो बेस येतो. पाचवी तार घरच्या छोट्या अँपवर नीट ऐकू येत नाही, म्हणून पंधरा इंची स्पीकरचा अँप येतो. तो स्कूटरवर मावत नाही, म्हणून जुनी गाडी येते. गाडीला सोसायटीत जागा नसते, म्हणून महिन्याचं पार्किंगचं भाडं सुरू होतं. एवढं करून त्याच्या तिन्ही ग्रुपच्या एकाही गाण्यात पाचवी तार लागत नाही. वाजवताना तो तिच्यावर अंगठा टेकवतो. "ग्रिप चांगली मिळते," म्हणतो.

घरात या वस्तूंची खरी किंमत फक्त त्याला ठाऊक असते आणि ती तशीच राहावी यासाठी तो पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवतो. "हा नवा आहे का?" असं बायकोने विचारलं की "नाही गं, जुनाच, पुसलाय," हे उत्तर तयार असतं. सगळे बेस तिला सारखेच दिसतात, यावर त्याच्या संसाराची शांतता टिकून आहे.

आता कार्यक्रम. सोसायटीच्या गणपतीत 'पंचम नाइट' असते. सगळ्यांत आधी बेसवाला पोचतो, कारण गाडी त्याचीच, आणि गायिकेचा तानपुऱ्याचा डबा, ड्रमवाल्याचे स्टँड आणि निवेदकाची बायको त्यातूनच आणायची असते. साउंडवाला गायकाला अर्धा तास देतो, कीबोर्डला पंधरा मिनिटं, आणि बेसची पाळी आली की म्हणतो, "दादा, तुमचं शोमध्ये बघू." ध्वनिक्षेपक दहाला बंद व्हायचा असतो. नऊला अध्यक्षांचं भाषण सुरू होतं. वेळ कमी पडली की गळणारं पहिलं गाणं नेमकं ते असतं, ज्यात सुरुवातीला चार मात्रा एकट्या बेसला आहेत.

एकदा त्याला आख्खा सोलो मिळाला होता. बाकीची वाद्यं थांबली, हा डोळे मिटून वाजवू लागला. माइक गेला असं समजून दोन माणसं मंचावर आली. तिसरी रांग चहाला गेली. साउंडवाल्याने धावत येऊन त्याचीच केबल काढून पुन्हा खोचली.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर व्हिडिओ येतो. मोबाइलच्या टिचभर स्पीकरमधून खर्ज बाहेर पडतच नाही म्हटलं तरी चालेल. त्यामुळे नातेवाइकांना दिसतो तो एक गंभीर माणूस, जो दीड तास मोठ्या गिटारीवर बोटं फिरवतोय आणि आवाज काहीच येत नाही. फोटोत तो ड्रमच्या झांजेमागे असतो. लग्नात अंतरपाट धरणाऱ्या दोघांसारखी त्याची गत. त्यांच्याशिवाय लग्न लागत नाही आणि अल्बममध्ये त्यांची फक्त बोटं येतात. मावशी प्रेमाने विचारते, "पुढच्या वर्षी खरी गिटार देतील ना रे?"

त्याचा खरा शत्रू म्हणजे कीबोर्डवाल्याचा डावा हात. आयोजकाचं बजेट आटलं की "बेस कीबोर्डवर घेऊ" असं ठरतं आणि एका माणसाचं मानधन वाचतं. वास्तविक त्या पाकिटातून पेट्रोल आणि पार्किंग वजा केलं तर आपला माणूस प्रत्येक कार्यक्रमात खिशातूनच घालत असतो. पण तत्त्वाचा प्रश्न येतो. बोटाने तार दाबून काढलेला खर्ज आणि बटण दाबून काढलेला खर्ज यांतला फरक तो तासभर समजावून सांगू शकतो. त्याच्या बेसमधली नऊ व्होल्टची बॅटरी एकदा कार्यक्रमाच्या मध्येच संपली. केबल रात्रभर खोचलेली राहिली की ती हळूहळू उतरते. शेवटची दोन गाणी त्याने बिनआवाजी वाजवली. खाली उतरल्यावर गायक म्हणाला, "आज शेवटी शेवटी बेस काय टाइट होता!"

इथवर वाचून तुम्हाला त्याची कीव येत असेल तर ती आवरा. हा माणूस दिसतो तेवढा गरीब नाही. कीबोर्डवाला सा-ग-प दाबून प्रसन्न चेहऱ्याने बसलेला असतो. त्याखाली बेसवाल्याने नुसता मंद्रातला ध लावला की तोच स्वरमेळ उदास होतो. वरच्यांनी काहीच बदललेलं नसतं, तरी वाढदिवसाच्या गाण्यावर सगळा हॉल उगाच हळवा होतो. कोणत्या सुराला घर म्हणायचं हे खालून तो ठरवतो, आणि हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्याने अर्धा सूर चुकीचा लावला तर लोक गायकाकडे बघून म्हणतात, "आज जरा बेसूर वाटतोय." गायक घसा खाकरतो, गरम पाणी मागतो. मागे झांजेआड बेसवाला निर्विकार उभा असतो. त्या चेहऱ्यावरची जी नम्रता तुम्हाला दिसते, ती नम्रता नसते. टाळ्यांची गरज न उरलेल्या माणसाचा तो माज असतो, आणि बँडातल्या सगळ्या अहंकारांत तो सर्वांत टिकाऊ आहे.

तरीही पुढच्या कार्यक्रमानंतर त्याला गाठा आणि "बेस छान वाजवलात" एवढं सांगा. त्याला ते आवडेल, फक्त तो तसं दाखवणार नाही. बोलण्याआधी तारा तेवढ्या मोजून घ्या. चार असतील तर खुशाल बोला. पाच असतील तरी बोला, पण ती पाचवी कशाला लागते हे विचारू नका, घरी जायला उशीर होईल. सहा असतील तर तो बहुधा गिटारवाला असेल. त्याला काही सांगू नका, त्याला सगळ्यांनी आधीच सांगितलेलं असतं.